तब्येत कमवायला निघालात? आधी या चुका टाळा

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चालणाऱ्यांची कमी नाही. तिथल्या 'चार भिंती' या स्मारकापाशी उजाडताना कोणी ना कोणी भेटतंच. आमचा सकाळचा व्यायामवर्गही जानेवारीत आणि २१ जूनच्या योगदिनानंतर भरून वाहतो. मग पंधरा-वीस दिवसांत निम्मी मंडळी दिसेनाशी होतात. घरचे म्हणतात, आळशीच आहे, टिकणार नव्हताच. मला हे पटत नाही. न येणाऱ्यांना मी फोन करते तेव्हा कोणाची कंबर धरलेली असते, कोणाची टाच दुखत असते, नाहीतर "ताई, झोपच पुरत नाही हो" असं उत्तर येतं. घाई करून स्वतःला दुखावून घेतलेली माणसं आहेत ही. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघते आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार

ही चूक माझ्या सर्वांत जास्त जिव्हारी लागते. औंध संस्थान आमच्याच जिल्ह्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांमध्ये नेले. त्यांनी शिकवली ती रोजची सवय. आता मात्र वर्षभर काही करायचं नाही आणि माघातल्या सप्तमीला १०८चा आकडा गाठून फोटो टाकायचा, असं चाललं आहे.

मागे एक बँकेतले अधिकारी वर्गाला यायला लागले. पंचेचाळिशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीत बसून काम, उत्साह मात्र दांडगा. महिनाही झाला नव्हता, रोजचे बारा नमस्कार जेमतेम जमत होते. रथसप्तमीला त्यांच्या सोसायटीत १०८चा कार्यक्रम ठरला. मी त्यांना बजावलं होतं, चोवीसवर थांबा, नंतर बाकीच्यांचे आकडे मोजा. ते हो म्हणाले. प्रत्यक्षात शेजारच्या चटईवर एक कॉलेजातला मुलगा होता आणि हे त्याच्या वेगाने घालत राहिले. साठाच्या पुढे त्यांचा श्वास आणि हालचाल यांचा मेळ राहिला नव्हता. हस्तपादासनात गुडघे ताठ आणि सगळा भार कंबरेवर. भुजंगासनात छाती उचलत नव्हती, म्हणून नुसती मान मागे टाकत होते. अष्टांगासनात तर थेट जमिनीवर आपटत होते. मी दोनदा खांद्याला हात लावून थांबवायला गेले, तर "होतंय हो ताई, थोडेच राहिलेत" म्हणाले. १०८ झाले, टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर तोंड धुवायला वाकले आणि तिथेच अडकले. सरळ होता येईना की खाली बसता येईना. तोंडाला टूथपेस्टचा फेस तसाच, आणि मुलाने व बायकोने दोन्ही काखांत हात घालून त्यांना पलंगावर नेलं. मग कंबरेचा पट्टा, रजा, फिजिओथेरपी असं करत उन्हाळा सरला. वर्गाला ते पुन्हा आले नाहीत. वाईट याचं वाटतं, की सूर्यनमस्कारानेच आपली कंबर गेली असं ते आज सगळ्यांना सांगतात आणि ऐकणारेही त्या धास्तीने सुरुवातच करत नाहीत.

माझी पद्धत अशी आहे. पहिला पंधरवडा रोज सहाच. एका नमस्काराला जवळपास मिनिटभर लागला पाहिजे. नंतर दर आठवड्याला दोन वाढवायचे. शेवटच्या नमस्कारातही श्वास नाकाने आणि शांत चालला पाहिजे, तोंड उघडावं लागलं की त्या दिवसापुरतं थांबायचं. पुढे वाकताना गुडघे खुशाल वाकवा. तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत असा हट्ट नको, पोट मांड्यांकडे येऊ द्या. मनगट दुखत असेल तर बहुधा सगळा भार तळहाताच्या मागच्या भागावर पडत असतो. बोटं फाकवा आणि बोटांच्या मुळाशी दाब द्या, बऱ्याच जणांचं दुखणं तेवढ्याने कमी होतं. भुजंगासनात नजर समोर ठेवा, छताकडे बघू नका. काचबिंदू, हर्निया, मणक्यातली सरकलेली चकती किंवा आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

"ताई, सहा नमस्कारांनी काय होणार?" हे मला दर जानेवारीत ऐकावं लागतं. त्यांना मी एवढंच सांगते, जूनमध्ये मला भेटा. जे सहापासून सुरू करतात ते जूनमध्ये असतात. पन्नासाने सुरुवात केलेले क्वचितच सापडतात.

पाचचा गजर, बाराची झोप

पहाटे उठणारा तो शिस्तीचा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे, की लोक झोप कापून व्यायाम करतात. रात्री बारापर्यंत मोबाइल, पावणेपाचला गजर, आणि वर्गात शवासन सुरू झालं की घोरणं. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. व्यायामाने स्नायूंची जी झीज होते, ती भरून काढण्याचं मोठं काम झोपेत होतं. झोप पुरली नाही की दुसऱ्या दिवशी भूकही जास्त लागते आणि हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जातो. चिडचिड होते ती वेगळीच. कमी झोपेवर केलेल्या व्यायामाने वजन उतरत नाही म्हणून लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. मी आधी विचारते, रात्री किती वाजता दिवा बंद केलात?

गजर अलीकडे आणायच्या आधी झोपण्याची वेळ अलीकडे आणा. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. चार्जर झोपायच्या खोलीतून काढून हॉलमध्ये लावा. संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडा. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेला कप अकरालाही अंगात असतो. रविवारी दहापर्यंत लोळत पडलं की सोमवारचं गणित पुन्हा बिघडतं.

इथे बायकांबद्दल स्पष्ट बोलते. "लवकर झोपत जा" हे नोकरी करणाऱ्या बाईला सांगणं फार सोपं आहे. तिचा ओटा साडेअकराला आवरतो, सकाळच्या डब्याची भाजी चिरून ठेवायची असते, पाणी पाच वाजता येतं. तिने झोप कुठून आणायची? अशा घरांतल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना मी वर्गात बोलावून सांगितलं आहे, रात्रीची भांडी आणि भाजी तुमच्याकडे घ्या. घरातल्या बाईच्या तब्येतीसाठी याहून स्वस्त औषध नाही. हे होत नसेल तर तिने पहाटेचा हट्ट सोडून संध्याकाळी अर्धा तास चालावं, झोप मोडू नये. आणि घरात कोणी मोठ्याने घोरत असेल, घोरताना मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर ते गाढ झोपेचं लक्षण समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या आपल्या मनाने बंद करणं

चालायला लागून महिना झाला, प्रेशर नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद. अहो, ते नॉर्मल आलं त्यात गोळीचाही हात आहे! डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, तुमची नोंदवही बघून. ती नोंदही नीट ठेवा. जिना चढून आल्या आल्या प्रेशर मोजायचा पट्टा बांधलेला मला चालत नाही. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. दंड हृदयाच्या उंचीवर असू द्या, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको, मोजताना गप्पाही नकोत. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

मधुमेह आणि उपाशीपोटी व्यायाम

इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रिकाम्या पोटी गड चढायला जाऊ नका. हातपाय कापले, दरदरून घाम फुटला, डोकं हलकं झालं, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या. खिशात कंदी पेढा ठेवून येणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तो ऐनवेळी उपयोगाचा नाही, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साधी साखरेची पुडी ठेवा.

छातीत दाब आला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरलं, गार घाम आला, तर "गॅस असेल" म्हणत ओवा चघळत बसू नका. जिथे आहात तिथे बसा आणि १०८ला फोन करा.

रस, पुड्या आणि कोवळं ऊन

सकाळी दुधीचा रस पिणाऱ्यांनी आधी एक फोड चाखून बघावी. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यावा. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने यावर समिती नेमली होती. "कडू म्हणजे औषधी" म्हणून डोळे मिटून गिळायची गोष्ट नाही ही. मी तर सांगते, दुधीची भाजी करा, चोथ्यासकट पोटात जाऊ द्या.

लिंबू-मध-कोमट पाणी आवडत असेल तर प्या, चरबी त्याने वितळत नाही.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. शेजारणीला फरक पडला म्हणून महिनोन्‌महिने घेत राहिलात, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. आणि साडेसहाच्या कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही, त्यासाठी लागणारे किरण उन्ह वर आल्यावर मिळतात. पहाटेचं ऊन मनाला आणि झोपेच्या वेळापत्रकाला चांगलं, त्यासाठी जरूर घ्या.

उपवासाचं काय बोलावं? एकादशी दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवलं आहे. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि वर बासुंदी घेऊन "डिटॉक्स केलं" म्हणू नका.

नुसतं चालणं

दहा हजार पावलांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राबरोबर प्रसिद्ध झाला. तो वाईट नाही, पण साडेसात हजार झाली म्हणून रात्री अकराला घरात येरझाऱ्या घालायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.

दुसरा भाग सगळे विसरतात. साठी-सत्तरीत माणूस पडतो, त्याचं एक मोठं कारण मांड्यांतली ताकद गेलेली असते. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठा-बसा, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. रोज नाही जमलं तर एक दिवसाआड. मला जिममधल्या यंत्रांपेक्षा हीच जास्त भरवशाची वाटते, कारण खुर्ची प्रत्येक घरात असते.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखते? मग झिजलेल्या चपलांत डांबरी रस्त्यावर चालणं आधी बंद करा. घरातही शहाबादी फरशीवर अनवाणी नको. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, पाण्याची बाटली तळपायाखाली घेऊन घोळवा. दोन-तीन महिने लागतात, धीर सोडू नका.

मनाचं दुखणं चालून घालवणं

चालण्याने मन हलकं होतं, हे खरंच आहे. म्हणूनच लोक प्रत्येक मानसिक त्रासावर तेच सुचवतात आणि तिथे चुकतात. निवृत्तीनंतर एक काका आमच्याकडे यायला लागले. सगळ्यांच्या आधी हजर, एकही खाडा नाही. बाकीचे त्यांच्या शिस्तीचं कौतुक करायचे. मला मात्र त्यांचा शर्ट दर आठवड्याला जास्त ढगळ दिसायला लागला. वर्ग सुटल्यावर चहा घेतानाही ते कोणाशी बोलत नसत. एक दिवस बाजूला घेऊन विचारलं, "काका, जेवण जातंय का नीट?" बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तीनला जाग येते. मग उजाडायची वाट बघतो." त्यांच्या मुलीला विश्वासात घेतलं, मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, औषधं सुरू झाली. आता ते मधून मधून दांडी मारतात आणि मला त्याचा आनंद होतो, कारण त्या दिवशी ते नातवाला घेऊन बाजारात गेलेले असतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर व्यायाम चालू ठेवा आणि डॉक्टरांनाही भेटा. एकाने दुसरं टळत नाही. "मन रमव कशात तरी", "तुला काय कमी आहे" ही वाक्यं घरात कोणी अशा माणसाला ऐकवू नयेत, त्याने तो बोलायचाच बंद होतो. त्याऐवजी शेजारी बसा आणि किती दिवस असं होतंय ते विचारा. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचं कोणी तोंडातून काढलं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्या शेजारी बसून तुम्हीच नंबर लावा आणि बोलणं सुरू झालं की फोन त्याच्या हातात द्या.