स्वीडिश मीटबॉल, यान्सन आणि वाटाण्याचं सूप : या चुका टाळा

स्वीडिश मीटबॉल, म्हणजे शॉटबुल्लार, पहिल्यांदा करताना आपला हात हमखास आलं-लसणाकडे जातो. मग हिरवी मिरची, वरून गरम मसाला. छान लागतात, नाही असं नाही, पण मग ते कबाबच झाले. यात मसाला म्हणजे मीठ, पांढरी मिरी आणि चिमूटभर ऑलस्पाइस (मिश्र मसाला नव्हे, मिरीसारखं दिसणारं एक वाळवलेलं फळ), बस. बाकीची चव बटरमध्ये परतलेल्या कांद्याची आणि पॅनच्या तळाला धरलेल्या खरपुडीची.

गोळे दगडासारखे झाले, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ब्रेडचा चुरा कोरडाच खिम्यात पडलेला असतो आणि तो मांसातलं पाणी ओढून घेतो. अर्धा किलो खिम्याला साधारण अर्धी वाटी चुरा आणि पाऊण वाटी दूध घ्या. दहा मिनिटांत त्याची लापशी होते. मगच त्यात कांदा, अंडं आणि खिमा घाला. तिकडे गाय आणि डुक्कर असा मिसळलेला खिमा वापरतात, डुकराच्या चरबीने गोळे मऊ राहतात. आपण मटणाचा घेणार असू तर खाटकाला चरबी काढून टाकायला सांगू नका. नुसत्या चिकन ब्रेस्टच्या वाटेला तर जाऊच नये, असं माझं मत. ओल्या हाताने वळा, आणि सगळे वळण्याआधी एक तळून मीठ बघा. बटर खारट असेल तर हे फारच गरजेचं.

तळताना कान द्या. बटर तडतडतं, फेसाळतं; फेस बसून आवाज शांत झाला की गोळे सोडा. पॅन गच्च भरला की पाणी सुटतं आणि गोळे तळले न जाता वाफेवर शिजतात, पांढुरके दिसतात. पॅन धुवायचा नाही. त्याच खरपुडीत थोडा मैदा, स्टॉक, क्रीम आणि चमचाभर सोया सॉस घालून ग्रेव्ही करा. हो, सोया सॉस! स्वीडिश घरांतही घालतात. सोबतीला लिंगनबेरीचा जॅम नसेल तर क्रॅनबेरीचा चालेल.

नाताळच्या जेवणातलं यान्सन, म्हणजे बटाट्याचे काप, मासा आणि क्रीम घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, फसतं ते माशापायी. कृतीत ‘आन्शोविस’ लिहिलेलं असतं आणि घरात इटालियन अँकोव्ही येते. स्वीडिश आन्शोविस म्हणजे मीठ, साखर, दालचिनी, चंदन वगैरेंत मुरवलेला स्प्रॅट नावाचा छोटा मासा, गोडसर. इटालियन अँकोव्ही त्याच मापाने घातली तर सगळं खारट ढाण. आन्शोविसच्या डब्यातला रस फेकू नका, दोन चमचे बटाट्यांवर ओता. आणि वेफर्ससाठी धुतो तसे बटाट्याचे काप धुऊ नका. क्रीम दाट होतं ते त्यांच्या स्टार्चमुळेच.

स्वीडनमध्ये गुरुवारी करायची पद्धत आहे त्या पिवळ्या वाटाण्याच्या सूपसाठी वेगळा वाटाणा शोधत बसू नका, रगड्याचा सुका पांढरा वाटाणा चालतो. रात्रभर भिजवा. खारवलेलं डुकराचं मांस घालणार असाल तर मीठ अगदी शेवटी, चव बघून. फोडणी नको, थाइम पुरे. आणि मोहरीची चटणी भांड्यात न ढवळता ज्याने त्याने आपापल्या ताटात घ्यावी.