पायथनने ब्रोकरला जोडताना या चुका टाळा

बेळगावात इंजिनिअरिंग करणारी, उद्यमबागेत नोकरीला असलेली, खानापूर-निपाणीत दुकान सांभाळून शेअर बाजार बघणारी बरीच मुलं हल्ली पायथन या भाषेत स्वतः प्रोग्राम लिहून तो ब्रोकरच्या खात्याला जोडतात. अडचणी त्याच त्या येतात आणि बहुतेक पाच मिनिटांत सुटतात. एक चूक मात्र थेट खिशाला लागते. तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीच्या जाता जाता उरकतो. उदाहरणं काइट कनेक्टची, म्हणजे झेरोधा या ब्रोकरच्या एपीआयची (प्रोग्रामने खातं चालवायच्या जोडणीची) घेतली आहेत. दुसऱ्या ब्रोकरच्या लायब्ररीत (त्याने दिलेल्या तयार कोडमध्ये) नावं बदलतील, दुखणी साधारण हीच राहतील.

काल चाललं, आज बंद

“दादा, काल रात्री चालत होतं की, आज सकाळी बंदच पडलंय.” सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. स्क्रीनवर टोकन एक्सेप्शन (टोकन चालत नाही अशी चूक) आलेलं असतं आणि मुलगा लायब्ररी काढून पुन्हा टाकत बसलेला असतो. लायब्ररीचा यात काही दोष नाही.

इथे चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एपीआय की म्हणजे तुमच्या ॲपची ओळख. एपीआय सीक्रेट म्हणजे त्याची गुप्त किल्ली. ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की परतीच्या पत्त्यात जो येतो तो रिक्वेस्ट टोकन. तो काही मिनिटंच टिकतो आणि एकदाच चालतो. तो आणि सीक्रेट देऊन जो मिळतो तो ॲक्सेस टोकन, आणि दिवसभराचं सगळं काम त्याच्यावर होतं. तोही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपतो. मुलं काय करतात, तर रिक्वेस्ट टोकन कोडमध्ये चिकटवून ठेवतात आणि प्रोग्राम पुन्हा चालवला की तोच परत पाठवतात. तसं करू नका. सकाळी एकदा लॉगिन करा, मिळालेला ॲक्सेस टोकन फाइलीत ठेवा आणि दिवसभर तिथूनच वाचा.

रोजचं लॉगिन टाळायला काही जण पासवर्ड आणि टीओटीपीची (पासवर्डनंतर लागणाऱ्या, सतत बदलणाऱ्या सहा आकडी कोडची) मूळ किल्ली दोन्ही कोडमध्येच लिहून ठेवतात. मग दुसऱ्या कुलपाचा उपयोग काय राहिला? ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती तुमचं खातं पडतं. सहा आकडी कोड बरोबर टाकूनही नाकारला जात असेल तर तो ज्या मोबाइलवर किंवा संगणकावर तयार होतो त्याचं घड्याळ तपासा. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे मिनिटभराचा फरकसुद्धा चालत नाही.

व्हॉट्सॲपवरून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं आलेली असतात. पायथन ती घेत नाही. स्वतःच्या फाइलीला लायब्ररीचंच नाव देऊ नका, नाहीतर पायथन लायब्ररी सोडून तुमचीच फाइल उघडतो. आणि अडचण विचारताना पूर्ण स्क्रीनचा फोटो गटात टाकू नका. त्यात सीक्रेट दिसत असेल तर तो त्याच दिवशी बदलून घ्या.

आयपी पत्ता आणि घड्याळ

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो (प्रोग्रामने होणाऱ्या) व्यवहारांसाठी परिपत्रक काढलं. त्यानुसार एपीआयवरून ऑर्डर पाठवायची तर ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर, म्हणजे न बदलणारा, आयपी पत्ता (इंटरनेटवरची तुमच्या जोडणीची ओळख) लागतो. आपल्याकडे बरीच मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतात, आणि तिथे आयपी केव्हा बदलेल याचा नेम नसतो. भाव दिसतात पण ऑर्डर नाकारली जाते, असं झालं तर आधी आयपी बघा, मग कोड.

यावर उपाय म्हणून क्लाउडवर छोटा सर्व्हर (इंटरनेटवरचा भाड्याचा संगणक) घेतला की पुढची चूक हमखास होते. असे सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळेवर चालतात. बाजार आपल्या ९:१५ ला उघडतो तेव्हा त्या सर्व्हरवर ३:४५ वाजलेले असतात. प्रोग्राममध्ये भारतीय वेळ स्पष्ट लिहा.

उत्तर आलं नाही म्हणजे ऑर्डर गेली नाही असं नव्हे

आता मुख्य चूक. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा प्रोग्राम मी ओळ न ओळ वाचला आहे. बाजार उघडताच दहा शेअर घ्यायचे, एवढंच काम. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात नेटवर्कचा भरवसा नसतो म्हणून त्याने सावधगिरीने एक फेरा लिहिला होता: चूक आली तर पुन्हा पाठव, जास्तीत जास्त तीन वेळा. एका सकाळी पहिली ऑर्डर गेली. लायब्ररी सात सेकंद उत्तराची वाट बघते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला. फेऱ्याने दुसरी पाठवली, मग तिसरी. मोबाइलवर ॲप उघडून बघतो तर तिन्ही ऑर्डरी पूर्ण झालेल्या आणि खात्यात तीस शेअर.

झालं असं, की ऑर्डर ब्रोकरकडे पोहोचली, पुढे बाजारातही गेली, फक्त पोच परत येताना वाटेत अडकली. टाइमआउटचा अर्थ इतकाच, की काय झालं ते प्रोग्रामला कळलेलं नाही. भाव किंवा शिल्लक विचारताना पुन्हा विचारलं तरी बिघडत नाही. ऑर्डर पाठवताना बिघडतं. दोन्हींना एकच फेरा लावू नका.

यासाठी ऑर्डरबरोबर टॅग जोडायची सोय आहे. वीस अक्षरं-आकडे त्यात मावतात. प्रत्येक ऑर्डरला वेगळा टॅग द्या आणि ऑर्डर पाठवण्याआधीच तो फाइलीत लिहा. टाइमआउट झाला तर थोडं थांबा, दिवसभराच्या ऑर्डरींची यादी मागवा आणि त्यात तो टॅग शोधा. सापडला तर ऑर्डर गेलेली आहे, पुढचं काम करा. नाही सापडला तर आणखी थोड्या वेळाने एकदा बघून मगच पुन्हा पाठवा. आणि यादीच येत नसेल, तर प्रोग्रामने गप्प थांबावं आणि माणसाला हाक मारावी.

ऑर्डर क्रमांक मिळाला म्हणजे खरेदी झाली, असंही समजू नका. तो क्रमांक म्हणजे ब्रोकरने ऑर्डर घेतली एवढंच. त्यानंतर ती ‘ओपन’ राहू शकते, ‘रिजेक्टेड’ होऊ शकते. स्थिती ‘कम्प्लीट’ दिसेपर्यंत पुढची चाल करू नका. नाकारली असेल तर शेजारी कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. बऱ्याचदा पैसे कमी असतात किंवा भाव टिक साइजच्या (भाव कमीत कमी जेवढ्याने बदलतो त्या मापाच्या) पटीत नसतो. टिक पाच पैसेच असते हे धरून चालू नका: एनएसई या शेअर बाजाराने १० जून २०२४ पासून २५० रुपयांखालच्या शेअरांना एक पैशाची टिक लावली. प्रत्येक शेअरची टिक ब्रोकरच्या रोजच्या इन्स्ट्रुमेंट यादीत (व्यवहार करता येणाऱ्या सगळ्या शेअर-सौद्यांच्या यादीत) असते.

त्याच यादीत प्रत्येक शेअरच्या ओळखीचे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. त्यांनाही टोकनच म्हणतात, पण लॉगिनच्या टोकनशी त्यांचा संबंध नाही. इन्फोसिसचा एनएसईचा एक्स्चेंज टोकन १५९४, तर इन्स्ट्रुमेंट टोकन ४०८०६५. चालू भावांसाठी दुसरा लागतो. फ्युचर-ऑप्शनचे टोकन मुदत संपल्यावर दुसऱ्याला मिळू शकतात, म्हणून यादी रोज सकाळी नवी घ्या.

चालू भाव वेबसॉकेटवरूनच घ्या, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवर भाव आपोआप येत राहतात. फेऱ्यात बसवून भाव विचारत राहिलात तर सेकंदाला एकच विनंती चालते आणि लगेच ४२९ ची (विनंत्या फार झाल्याची) चूक येते. वेबसॉकेटवर एका जोडणीत ३००० शेअर बसतात. भाव आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये जड हिशेब किंवा फाइल लिहिणं ठेवू नका, नाहीतर भाव मागे पडत जातात आणि जोडणी तुटते. आलेला भाव रांगेत टाका, हिशेब दुसरीकडे करा.

वीज जाऊन प्रोग्राम पुन्हा सुरू झाला तर त्याने आपल्या जुन्या फाइलीवर विसंबू नये. आधी ब्रोकरकडून पोझिशन (अजून चालू असलेले सौदे) आणि ऑर्डरी मागवाव्यात, त्या फाइलीशी ताडून बघाव्यात, फरक दिसला तर नवी ऑर्डर टाकू नये. दिवसाच्या दिवशी मिटवायचे सौदे असतील तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मोबाइलवर ब्रोकरचं ॲप लॉगिन करून ठेवा. लाइट आली नाही तरी तिथून सौदा हाताने बंद करता येतो. नाही केलात तर बाजार बंद होण्याआधी ब्रोकर तो स्वतः बंद करतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो.