भोकात बसलं म्हणजे चार्ज झालं असं नाही

आमच्या दाजींनी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली, टॅक्सीत चालून आलेली, स्वस्तात पडली म्हणून खूश. कोल्हापूरला निघाले आणि साताऱ्याच्या पुढे चार्जरसमोर उभं राहून मला व्हिडिओ कॉल, "अरे ही गन (चार्जरच्या केबलचं टोक) बसतच नाही!" बसणार कशी, गाडीला जीबी/टी आणि चार्जर सीसीएस टू, म्हणजे पोर्ट एका जातीचं आणि गन दुसऱ्या.

तर गाडी बघायला गेलात की बॉनेट नंतर, आधी चार्जिंगचं झाकण उघडा. वर सात भोकांचा गोल, तो टाइप टू, म्हणजे एसी, हळू चार्जिंगचा. त्याच्याच खाली दोन जाड भोकं (यावर बरेचदा वेगळं टोपण असतं) असली तर ते सीसीएस टू, फास्ट म्हणजे डीसी चार्जिंग होणार, आपल्याकडे आता कार म्हटलं की हेच चालतं. साधी टाइप टूची गन सीसीएस टूच्या गाडीत बसते, उलटं नाही. आणि नऊ पिनांचा पूर्ण गोल डीसी पोर्ट दिसला की तो जीबी/टी, भारत डीसी-००१ या जुन्या मानकाच्या १५ किलोवॉटच्या चार्जरचा, असले चार्जर हायवेवर शोधत बसू नका. ॲडॉप्टरचं म्हणाल तर त्या जुन्या गाड्यांची बॅटरी ७२ व्होल्टची आणि हायवेचे चार्जर शेकडो व्होल्टचे, जमणार नाही. दाजींनी शेवटी हॉटेलवाल्याला मस्का मारून १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली आणि तीन तास मिसळ, चहा, परत चहा.

गन बसली तरी स्पीड बोर्डावर लिहिलेला मिळेलच असं नाही. एसीवर गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर ७.४ च्या पॉइंटला लावून पण ३.३ च घेणार, म्हणजे ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास. डीसीला ६० किलोवॉट दोन गनमध्ये वाटले जातात बऱ्याच ठिकाणी, शेजारी कोणी लावली की तुमचे अर्धे, त्यामुळे रिकामा चार्जर दिसला तर तिथेच थांबा. घरी सॉकेटवर लावून चार्जच होत नसेल तर गाडीला शिव्या घालायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासा.

स्कूटरचं अजून वेगळंच, एथर आणि विडाला एकच गन चालते, ओलाला ती नाही.

मोबाईल-लॅपटॉपला सगळीकडे टाइप सी आलं तरी तोच घोळ. माझा ट्रिमर दोन्हीकडून सी असलेल्या केबलवर चार्जच व्हायचा नाही, कारण आत दोन बारके रेझिस्टर लागतात ते कंपनीने वाचवलेत, चार्जरला समोर काही लावलंय हेच कळत नाही. जुन्या चपट्या यूएसबीची केबल लावा, होतो. लॅपटॉपला मात्र केबलवर १०० किंवा २४० वॉट लिहिलंय का बघून घ्या, साधी ६० लाच थांबते. दिसायला सगळ्या सारख्याच, म्हणून मी चांगल्या केबलला बायकोचं लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय. ती केबल सध्या मुलाच्या पॉवर बँकेला आहे ते सोडा.