नवं शिलाई मशीन घेताय? आधी कपाटातलं कापड बाहेर काढा

इचलकरंजीत मी शिवणक्लास घेते. शिकून गेलेल्या बायका कधीतरी बाजारात भेटतात आणि म्हणतात, "ताई, हल्ली शिवावंसंच वाटत नाही. नवं मशीन घेतलं तर पुन्हा हात चालेल का?" मी विचारते, शेवटचं काय शिवायला घेतलं होतंस? उत्तर ठरलेलं: अस्तराचा ब्लाउज, बाहीपाशी अडकलेला. त्या ब्लाउजपायी मशीनवरचं कव्हरच निघत नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी जुनं मशीन उघडा. सुई नवी घाला, दात्यांत साचलेला भुगा ब्रशने काढा, मशीनचंच तेल सोडा. खोबरेल नको, ते घट्ट होऊन मशीन जाम करतं. कापडाखाली दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू पिळत बसू नका, दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबून धरणारा फूट वर उचला आणि मग दोरा ओवा. फूट खाली असताना टेंशनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. एवढ्यानं टीप सरळ आली तर नव्या मशीनचा खर्च वाचला.

तरीही घ्यायचंच असेल तर कपाटातलं कापड पुढ्यात मांडा. परकर, अभ्रे, सुती ब्लाउज एवढंच शिवत असाल तर पायाचं साधं मशीन भरपूर झालं, त्याला मोटरही बसते. टी-शर्ट, लेगिंगचं ताणणारं कापड असेल तर झिगझॅगचं मशीन हवं, कारण साधी टीप ताणली की तुटते. त्यावर काजंही होतात. दिवसभर ऑर्डरी करणारीनं टेबलसकट मोठं, जुकी कंपनीच्या मशीनसारखं मशीन घ्यावं आणि पाय दाबला तरच फिरणारी सर्वो मोटर मागावी. क्लच मोटर आपण नुसतं बसलो तरी घुमत राहते आणि वीज खाते. अमेरिकेतून कुणी मशीन पाठवत असेल तर व्होल्टेज आधी विचारा. तिकडची बरीच मशीनं 110-120 व्होल्टची असतात, आपल्या 230 वर थेट लावली की जळतील.

दुकानात जाताना आपल्या चिंध्या बरोबर न्या: मांजरपाट, अस्तर लावलेला ब्लाउजपीस, जुना टी-शर्ट, जीन्सची दुमडलेली कड. दुकानदाराच्या कडक कापडावर कुठलंही मशीन छान चालतं. तुम्ही मात्र अगदी हळू चालवून बघा आणि कापड उलटं करून खालची टीप तपासा. बॉबिन आणि सुया गावात कुठे मिळतात, दुरुस्तीला कोण येतं, हे विचारल्याशिवाय पावती करू नका. मला तरी टाक्यांच्या नमुन्यांपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं.

शिवण हाच तुमचा धंदा असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रावर होते. "सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन" असे मेसेज फिरतात, त्यांतल्या लिंकवर आधार किंवा बँकेची माहिती भरू नका.

आता मनाचं. तो ब्लाउज पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि अभ्रा शिवायला घ्या. 17 बाय 27 इंचाच्या उशीला 18 इंच रुंद, 62 इंच लांब पट्टी लागते. 36 इंच पन्ह्याच्या कापडात दोन निघतात. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा, 60 इंच उरतील. त्यांत ओळीनं मागची बाजू 27, पुढची 27 आणि तिला लागून आत खोचायची पट्टी 6. सुलट बाजू वर ठेवून कापड अंथरा. मागची बाजू पुढच्या बाजूवर दुमडा, त्यावर 6 इंचांची पट्टी दुमडा. दोन्ही कडांना अर्धा इंच सोडून टिपा मारा, सुरुवातीला आणि शेवटी टीप मागेपुढे पक्की करा, आणि अभ्रा उलटवा. बटण नाही, चेन नाही, गोलाई नाही. सरळ टिपा मारता मारता हाताला लय सापडते, आणि पूर्ण झालेली वस्तू त्याच रात्री उशीवर चढते.

दुसरा अभ्रा लगेच शिवू नका, फक्त कापून ठेवा. कापणं आणि शिवणं एका दिवशी करायला गेलं की पाठ धरते आणि पुढचे आठ दिवस मशीनकडे बघवत नाही. मशीन खोलीत वावरताना दिसेल असं, उजेडाला ठेवा. उठण्याआधी पुढच्या जोडाला टाचण्या लावा, बॉबिन भरून ठेवा. दुपारी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बसलात तरी एक कड पुरी होते.