उपदेश ऐकायला बसताना

कोल्हापुरात वायल्डर मेमोरियलसारख्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला जाणार असाल, तर उपदेशाआधीचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधल्या उताऱ्याचं वाचन, चुकवू नका. पाळकसाहेब बहुतेकदा त्याच्याच आधाराने बोलतात. तो निसटला की पुढचं सगळं अधांतरी वाटतं. अध्याय आणि वचन टिपून ठेवा, शक्यतो कागदावर. मोबाइलवर शास्त्र उघडलं की व्हॉट्सअ‍ॅपही उघडतंच!

एखादा मुद्दा पटला नाही तर शेजाऱ्याशी कुजबुज नको. उपासनेनंतर पाळकसाहेबांना थेट विचारा. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात 17:11 मध्ये बिरुया या गावच्या लोकांचं कौतुक आहे: त्यांनी प्रेषित पौलाचं उत्सुकतेने ऐकलं, आणि रोज शास्त्रात पडताळूनही पाहिलं.

ख्रिस्ती नसाल तरी खुशाल बसा; सगळे उठले की उठा, प्रभुभोजन (उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) मात्र घेऊ नका.