पुरानंतरचे भंगार उचलताना या चुका टाळा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ते ओसरल्यावर चिखलाने माखलेले संसार रस्त्यावर आले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्यांच्याभोवती बाहेरगावचे टेम्पो फिरू लागले. मी या गावात भंगाराचा धंदा करतो. २००५ चा पूर मी इथेच पाहिला आणि जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातही कामासाठी राहिलो. दर वेळी या धंद्यात नव्याने उतरलेली मंडळी त्याच चुका करतात. त्यांतल्या काही चुकांनी माणूस कोर्टाची पायरी चढतो, काहींनी जीव जातो, आणि बऱ्याच चुकांमुळे ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याचीच आणखी लूट होते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रस्त्यावर पडलेली वस्तू बेवारस समजणे

पूर ओसरल्यावर दुकानदार आधी आतला चिखल काढतो आणि त्यासाठी सगळा माल बाहेर मांडतो. दारासमोरचा तो ढीग धुण्यासाठी, वाळवण्यासाठी आणि मुख्य म्हणजे पंचनाम्यासाठी ठेवलेला असतो. तलाठी किंवा ग्रामसेवक येऊन नोंद करीपर्यंत, आणि विमा असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत, बुडालेला फ्रीज, गंजलेली शिलाई मशीन किंवा पिठाच्या गिरणीची मोटार हाच त्या माणसाचा नुकसानीचा पुरावा असतो. तो तुम्ही ‘साफसफाईला मदत’ म्हणून टेम्पोत टाकलात, तर तुमच्या हाती चार पैसे येतील, पण त्याची भरपाई हुकेल. त्यामुळे पंचनामा झाला का, हे विचारल्याशिवाय मी एकाही ढिगाला हात लावत नाही. मालक जागेवर नसेल तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरही उचलत नाही. दोन दिवस थांबल्याने लोखंड काही पळून जात नाही, पण नव्या माणसाला हे दोन दिवस निघत नाहीत, कारण दुसरा कोणी घेऊन जाईल ही धास्ती त्याला स्वस्थ बसू देत नाही.

याहून अवघड प्रश्न वाहून आलेल्या वस्तूंचा असतो, कारण तिथे दारही नसते आणि शेजारीही नसतो. २०२१ च्या पुरानंतर आठ-दहा दिवसांनी एक विशी-बाविशीचा मुलगा माझ्या गोडाऊनवर पोते घेऊन आला. पोत्यात तांब्या-पितळेची भांडी होती: एक घागर, दोन पातेली, एक परात आणि एक लहान कळशी. गोवळकोटच्या बाजूला खाडीच्या चिखलात सापडली, असे त्याने सांगितले आणि ते खरे असावे, कारण भांड्यांच्या काठांत गाळ घट्ट बसला होता. तांबे वेगळे आणि पितळ वेगळे असा भावही तो विचारून आला होता. मी कळशी काथ्याने घासली, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसू लागली. आधी एका बाईचे पूर्ण नाव, मग आडनाव, आणि त्याखाली १९६८ साल. घागर आणि परात घासली, तर त्यांच्यावरही तेच आडनाव निघाले.

लग्नात, मुंजीत भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी पद्धत आहे आणि पुरानंतर तिचा जेवढा उपयोग होतो तेवढा एरवी कधी होत नाही. मी त्या मुलाला म्हटले, “अरे, हे वाचलेस का?” तो म्हणाला, “काका, मला चिखलात काही दिसलेच नाही.” त्याच्यावर मी अविश्वास दाखवला नाही, पण ती भांडी वजनावरही घेतली नाहीत. चिखलातून उचलून आणण्याची मजुरी त्याला दिली, त्याचे नाव-गाव वहीत लिहिले आणि भांडी बाजूला ठेवली. त्या आडनावाची घरे शोधायला चार दिवस लागले. शेवटी नदीकाठच्या एका आळीतले घर सापडले. ज्यांचे नाव कळशीवर होते त्या आजी मुलीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांचा नातू भांडी न्यायला आला, त्याने कळशी उलटीसुलटी करून पाहिली आणि काही न बोलता ती पोत्यात न घालता हातातच धरून नेली.

सापडलेल्या वस्तूबद्दल कायदाही स्पष्ट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. ती आपली समजून परस्पर विकण्याचा हक्क त्याला मिळत नाही. पुराच्या पाण्याने घागर तीन-चार किलोमीटर वाहत गेली, तरी ती त्या घराचीच राहते. माझी सवय अशी आहे की पुरानंतर आलेले प्रत्येक तांब्या-पितळेचे भांडे आधी घासायचे, काठ, बूड आणि कडीजवळची जागा उजेडात पाहायची, आणि नाव निघाले तर ते तोडायचे नाही. समया, घंटा आणि देवांच्या मूर्ती नाव नसले तरी घेत नाही. त्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायला सांगतो. घेऊन येणारा बहुतेक वेळा चिडतो, आणि जो जास्त चिडतो त्याच्या मालाबद्दल माझी शंका वाढते.

विजेची तार ‘घरची’ म्हणून घेणे

ही दुसरी चूक मी सर्वांत गंभीर मानतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि तारा नारळी-पोफळीच्या वाड्यांतून, रस्त्यांवरून लोळत पडल्या. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत श्रीवर्धनकडे मी एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या वखारीवर बसलो असताना दोन तरुण तारेची गुंडाळी घेऊन आले. “आमच्या वाडीतल्या पंपाची वायर आहे,” असे त्यांनी सांगितले. मी तारेचे कापलेले टोक हातात घेऊन व्यापाऱ्याला दाखवले. मध्ये पोलादाची एक तार आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या सहा तारा पिळलेल्या होत्या. खांबावरच्या वाहिनीची तार अशी असते. लाइनमन तिला जाडीप्रमाणे वीझल, रॅबिट अशा नावांनी ओळखतात. घरातल्या किंवा पंपाच्या वायरीला आत असे पोलाद नसते आणि वर प्लॅस्टिकचे आवरण असते. शंका असेल तर चुंबक लावावे: बाहेरच्या तारांना ते चिकटत नाही आणि मधल्या तारेला चिकटते. एवढी साधी परीक्षा असताना ‘मला कळले नाही’ हे कारण मला पटत नाही.

त्या व्यापाऱ्याने माझ्यासमोर माल परत पाठवला, पण भाव चांगला असल्यामुळे संध्याकाळी तोच घेतला, हे मला नंतर कळले. महिन्याभरात पोलीस त्याच्या वखारीवर आले. विद्युत कायदा २००३ चे कलम १३६ तारा आणि विजेचे साहित्य चोरण्याबद्दल आहे आणि कलम १३७ तो माल घेणाऱ्याबद्दल आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एरवीही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हाच आहे. पण मला शिक्षेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागते. जमिनीवर पडलेली ती तार लाइनमन पुन्हा ओढून खांबावर चढवू शकले असते. ती कापून नेल्यामुळे नवी तार येईपर्यंत त्या वस्तीला थांबावे लागले, आणि त्या वस्तीत नळाचे पाणीसुद्धा विजेच्या पंपावर चढत होते. शिवाय पडलेल्या तारेत वीज नाही, हे गृहीत धरणाराही मूर्खपणा करतो, कारण शेजारी कोणी जनरेटर चुकीचा जोडला असेल तर मेलेली वाटणारी तार जिवंत असते.

रेल्वेचे रूळ, त्यांच्या क्लिपा आणि सिग्नलची केबल यांनाही हेच लागू आहे. त्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि असा माल नुसता ताब्यात सापडला, तरी तो आपल्याकडे कायदेशीरपणे आला हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते.

वजनात आणि भावात गडबड

नवे लोक चिखलासकट वजन करतात आणि नंतर तोटा भरून काढायला पुढच्या गिऱ्हाइकाला काट्यावर मारतात. मी माल विकणाऱ्याच्या समोर धुतो, पाणी निथळू देतो आणि मगच काट्यावर ठेवतो. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असतो. लोखंड, बीड (ओतीव लोखंड), पितळ आणि तांबे यांचे भाव मी पाटीवर लिहून ठेवतो. पंपाची किंवा मिक्सरची मोटार कोणी लोखंडाच्या भावात द्यायला निघाला, तर आत तांब्याचे वाइंडिंग आहे हे त्याला सांगतो. पुरात सगळे गमावलेला माणूस ‘घेऊन जा एकदाचे’ म्हणतो, तेव्हा त्याचा फायदा घेणे सोपे असते. ज्याला ही संधी वाटते त्याने या धंद्यात येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रा मी पहिला महिनाभर घेतच नाही. वादळानंतर नवा पत्रा मिळेनासा होतो आणि वाकलेला पत्रा ठोकून पुन्हा छपरावर चढतो. उडून आलेला पत्रा कोणाचा, हे गावालाच ठरवू द्यावे.

जिवावर बेतणारे शॉर्टकट

तांबे काढण्यासाठी वायर जाळू नये. धूर छातीत जातो आणि काळे पडलेल्या तांब्याला भावही कमी येतो. सुरीने सोलायला वेळ लागतो, तो लागू द्यावा.

गॅसचे सिलिंडर रिकामे दिसले तरी घेऊ नयेत आणि कापू तर मुळीच नयेत. ते कंपनीच्या मालकीचे असतात, म्हणून एजन्सीला कळवावे.

नव्या फ्रीजमध्ये बहुधा पेट घेणारा गॅस असतो. कॉम्प्रेसरची नळी ग्राइंडरने कापण्याआधी त्यावरचे लेबल वाचावे.

बुडालेली गाडी विमा कंपनीचा निर्णय होईपर्यंत आणि आरटीओत नोंदणी रद्द होईपर्यंत सुटी करू नये. चासी क्रमांकाचा पत्रा कापलेली गाडी दारात उभी करून घेणे म्हणजे पोलिसांना आमंत्रण देणे आहे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतले ॲसिड गटारात ओतू नये.

पुराच्या चिखलात अनवाणी उतरू नये. लेप्टोचा ताप उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो आणि पायावरची लहानशी जखम त्याला पुरेशी असते. गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे, आणि आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देत असतील तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे घ्याव्यात.

न सांगता गावात शिरणे

पुरानंतर प्रत्येक वाडी सावध असते आणि पोते घेऊन फिरणारा अनोळखी माणूस चोर ठरायला वेळ लागत नाही. चोरी दुसराच करतो आणि मार हातगाडी ढकलणाऱ्या गरिबाला किंवा कचरा वेचणाऱ्या बाईला बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून माझ्यासाठी माल गोळा करणाऱ्यांना मी फोटो लावलेले ओळखपत्र देतो. गावात शिरण्याआधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना फोन करायचा, फेरी सूर्य उगवल्यानंतरच सुरू करायची आणि मावळण्याआधी संपवायची, आणि घरात मोठे माणूस नसेल तर मुलाकडून काहीही घ्यायचे नाही, हे त्यांना बजावलेले आहे. वहीत देणाऱ्याचे नाव, फोन, वस्तू, वजन, दिलेली रक्कम आणि गाडीचा क्रमांक लिहिला जातो. मोठ्या वस्तूचा मालकासह फोटो घेतला जातो आणि नाव घातलेल्या भांड्यांसाठी वहीची शेवटची चार पाने राखून ठेवली आहेत. त्या पानांवर आजही तीन नावे तशीच आहेत. ती भांडी फडताळावर वेगळी ठेवली आहेत आणि कोणी त्या आडनावाची चौकशी करत आले तर दाखवायला ती मी घासून ठेवतो.