थर्मल कॅमेऱ्यातून धुरात पाहताना या चुका टाळा

दाट धुरात टॉर्चचा उजेड हातभरही पुढे जात नाही, पण थर्मल कॅमेऱ्यात खुर्ची, दार, पडलेला माणूस ओळखू येतो. आगीच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहून बारीक असतात. ते ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा दृश्य प्रकाश अडवतात. कॅमेरा टिपतो त्या ८ ते १४ मायक्रॉनच्या उष्णतेच्या लहरी मात्र बऱ्याचशा निसटून येतात.

म्हणून धुरातून दिसतं ते सगळ्यातूनच दिसेल असं धरून चालू नका. धुक्याचे आणि पाण्याच्या फवाऱ्याचे थेंब या लहरींच्या मापाचे किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून ते त्यांना अडवतात. नोझल सुरू झालं, वाफ उठली की पडदा पांढुरका पडतो. साध्या धुराने थर्मल दुर्बीण फसत नाही, म्हणून सैन्याच्या काही धुरांमध्ये पितळ किंवा ग्राफाइटचे बारीक चपटे कण मिसळलेले असतात.

सर्वात जास्त घोळ काचेचा. साधी काच या कॅमेऱ्यापुढे भिंतच. केबिनच्या काचेआड माणूस असला तरी दिसणार नाही. उलट तुमच्याच अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब तिच्यात उमटतं. लिफ्टचं स्टीलचं दार, गुळगुळीत टाइल्स हेही तेच करतात. आकृती दिसली की हात हलवून पाहा. तिनेही हलवला तर ते तुम्हीच आहात. आणि रजईखाली लपलेलं मूल कॅमेऱ्यात उठून दिसत नाही. पलंग हातानेच चाचपावा लागतो.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर विसंबून आत शिरू नका. तो समोरच्या पृष्ठभागाचा अंदाज असतो, खोलीतल्या हवेचा नाही. चकचकीत ॲल्युमिनियम तापलेलं असूनही थंड दाखवलं जातं, कारण ते स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं. कारखान्यात विजेचं पॅनेल तपासणारेही इथेच फसतात: घासून लख्ख केलेला तांब्याचा बसबार (वीज वाहून नेणारी जाड पट्टी) तापला असला तरी ‘नॉर्मल’ दिसतो. त्याच जोडाजवळच्या केबलचं इन्सुलेशन पाहा, ते जास्त खरं सांगतं.

ज्वाळा चौकटीत आली की बरेच कॅमेरे आपोआप जास्त तापमानाच्या पल्ल्यावर जातात. मग माणूस आणि फरशी जवळपास एकाच छटेत दिसतात. कॅमेरा ज्वाळेपासून वळवा, पल्ला खाली येऊ द्या, मग जमिनीलगत पुन्हा फिरवा.

पडद्यावरचं चित्र सपाट असतं. अंतर आणि खड्डा त्यात नीट कळत नाही. कॅमेरा हातात असला तरी दुसरा हात भिंतीवर ठेवा. बीए सेटला (पाठीवरच्या श्वसनयंत्राला) तर पर्यायच नाही, कार्बन मोनॉक्साइड या पडद्यावर दिसत नाही.

लेन्सवर काजळी किंवा वाफ बसली की सगळंच धूसर होतं, तेव्हा आधी ती पुसा. आणि मधूनच ‘टक्’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर थिजतं, तो बिघाड नाही. आतलं शटर सेन्सर जुळवून घेत असतं. तेवढ्यासाठी कॅमेरा दुरुस्तीला पाठवू नका.